टिकली बुडाली

बाबा, माझी नात पडली. विमानासकट. घाबरू नका, हात प्लास्टरमध्ये आहे आणि तोंड पहिल्यासारखंच चालू आहे. शुद्धलेखन बघू नका, मी सातवीपर्यंतच गेले आणि तुम्ही तेवढंही नाही.

मी दहा वर्षांची असेन. वाकोल्याहून तुमचा डबा घेऊन जुहूच्या विमानतळावर चालत यायचे. तुम्ही तिथली छोटी विमानं धुवायचात. त्या दिवशी साहेब लोक जेवायला गेलेले, म्हणून तुम्ही मला उचलून पुढच्या सीटवर बसवलंत. मी काय करावं? नुकत्याच पुसलेल्या काचेवर दोन्ही तळवे टेकवले. केवढ्यांदा खेकसलात, "अख्खी सकाळ घासली ती काच, कार्टे!" मी रडायच्या बेतात, आणि तुम्ही साबणाचं बोट काचेला लावताय, माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर एक ठिपका. म्हणताय, समोर डोंगर आला आणि त्याचं टोक ठिपक्याच्या खाली सरकत गेलं, तर विमान वरून जाणार. टोक ठिपक्याच्या वर आलं, तर नाही जाणार. "तेव्हा चढायला बघायचं नाही. मुकाट वळायचं." कुठल्याशा म्हाताऱ्या पायलटने तुम्हाला सांगितलेलं ते. मग पुन्हा फडकं घेऊन माझे पंजे पुसत बसलात.

नातीने पायलट व्हायचं डोक्यात घेतलं तेव्हा मी तिला तेच सांगितलं. साबणाचा ठिपका कोण ठेवू देणार, म्हणून माझ्या पाकिटातली मरून रंगाची टिकली दिली. काचेला चिकटव म्हटलं. हसली, म्हणाली, आजी, तिथे एवढी मीटरं असतात गं. पण चिकटवायची.

त्या दिवशी घाटाकडे जमिनीलगत उडायचा सराव होता. विमान तिच्या सरांच्या हातात, ही शेजारी. दोन्हीकडे डोंगर, मधून हे चाललेत, खाली नुसतं गवत. जमीन हळूहळू वर येतेय, पण वरून म्हणे ती सपाटच दिसते. हिने बघितलं तर पुढच्या डोंगराचं टोक टिकलीच्या वर आलेलं. ओरडली नाही, आपल्या घरची आहे. म्हणाली, "सर, टिकली बुडाली." आणि सरांनी बघावं कुठे? तिच्या कपाळाकडे!

दोन सेकंद त्यात गेली. मग त्यांनी पुढे बघितलं आणि विमान वळवलं. पूर्ण वळलं नाही, पण समोरच्या कातळाऐवजी बाजूच्या गवतावर घसरत जाऊन बसलं. चाक तुटलं, पंख वाकला. दोघं दार उघडून चालत बाहेर आली. हिचं मनगट मोडलं, सरांच्या कपाळावर टेंगूळ. नात म्हणते, आता त्यांची टिकली माझ्यापेक्षा मोठी आहे. मी इतकी हसले की ठसका लागला.

घरात मात्र नुसता तमाशा. सूनबाईने पूजा काढलीय. बिल्डिंगमधल्या बायका येतात आणि माझा हात धरून बसतात, जसं काही कोणी गेलंय. चहा पाजते आणि वाटेला लावते. मुलगा म्हणाला, बास झालं तिचं उडणं. मी म्हटलं, "टिकली बुडाली ते कोणाला दिसलं रे? तिलाच ना?" दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरला विचारत होता, प्लास्टर कधी निघेल. म्हणजे जाणार ती. झकास.

चौकशीला आलेल्या माणसांनी फुटक्या काचेवरची टिकली बघून विचारलं, हे काय? नातीने लिहून दिलं, ही आजीची पद्धत, आजीने शिकवली. कागदाचा फोटो मला दाखवला. आता तुम्हाला सांगते. तुमचं मी तिला सांगितलंच नव्हतं. लग्न झाल्यापासून सगळ्यांना हेच सांगत आले की वडील एअरपोर्टच्या ऑफिसात होते. विमानं धुवायचे, हे तोंडातून कधी निघालंच नाही.

आज सकाळी ती टिकल्यांचं नवं पाकीट मागायला आली. तेव्हा सांगणार होते. पाकीट दिलं आणि कुकर लावायला गेले. 'आजीने शिकवली' हे मात्र चार वेळा वाचलं, बाबा. फार बरं वाटलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहून टाकलं.