उजव्या गालावरचा तीळ

रविवार, ५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण होतं आणि मी फोन आपटतो, म्हणून यापुढे पत्रच लिहायचं, हा तुझा हुकूम. घे, लिहितो. कागद आपटून काही आवाज होत नाही.

बाबा अजून माझ्याशी थेट बोलत नाहीत. तुझ्या अर्ध्या इंजिनियरला जेवायचंय का विचार, असं आईला सांगतात, मी समोर बसलेलो असताना. कॉलेज सोडून पोरगा बाहुल्या रंगवतो, हेही शेजारी सांगून झालंय.

बाहुल्या नव्हेत गं. सुपरहिरोंचे पुतळे, वीतभर उंचीचे. खोक्यात सगळा माणूस सुटा येतो. हात, पाय, धड, फडफडता झगा, सगळं प्लास्टिकच्या चौकटीला देठाने लटकलेलं. ते कातरायचं, घासायचं, जोडायचं, फटी पुट्टीने बुजवायच्या, राखाडी अस्तर मारायचं आणि मग रंग. सगळ्यात शेवटी डोळे. ठिपका ठेवताना मी श्वास धरतो. केसभर सरकला की जगाला वाचवणारा वीर चकणा होतो, आणि मग जगाचं काही खरं नाही. आमच्या मालकांची बोटं कायम एकमेकांना चिकटलेली असतात, म्हणून मी त्यांना गोंदकाका म्हणतो. ते म्हणतात, चेहरे तुझ्यासारखे कुणाला जमत नाहीत. कॉलेजात मला असं कुणी म्हटलं असतं तर मी टिकलो असतो.

आता खरी बातमी. हसू नकोस. उल्का नावाची एक नायिका आहे, लाल झगा, निळा मुखवटा. किटमध्ये मुखवटा घातलेलंच डोकं येतं. मी तिच्यासाठी दुसरं, उघड्या चेहऱ्याचं डोकं घडवलं. काकांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याचा रबरी साचा काढला. आता उघड्या तोंडाच्या उल्का आम्ही हव्या तितक्या ओततो, आणि दुकानाच्या काचेत त्या सगळ्यांत पुढे उभ्या असतात.

तो चेहरा कुणाचा हे काकांना माहीत नाही. तुला सांगतो. समोरच्या चष्म्याच्या दुकानात ती काम करते. माझं टेबल भिंतीकडे तोंड करून आहे आणि टेबलावर आरसा. रंगवलेला चेहरा आरशात धरला की त्याचा वाकडेपणा लगेच कळतो, म्हणून तो लागतोच. त्याच आरशात माझ्या खांद्यावरून रस्ता दिसतो, रस्त्यापलीकडे काउंटर, आणि ती. वर्षभर मी तिला अशीच बघतोय. भुवईचा बाक, हट्टी हनुवटी, उजव्या गालावर डोळ्याखाली तीळ. चष्मा तेवढा मी काढला, उडताना पडेल म्हणून. समोरासमोर गाठ पडली की माझी नजर माझ्याच बुटांवर जाते. भर वर्गात सरांवर डस्टर फेकणारा मी!

उल्का खपतेय. करड्या कोटातला एक माणूस येतो. पहिली त्याने नेली, मग दुसरी, मग अजून. दुसऱ्या कशाला हात लावत नाही. काका खूश आहेत. मला मात्र तो दारातून आत आला की काचेतल्या उल्का मागे सरकवाव्याशा वाटतात. असो.

छकुलीला पापा. माझ्यावर रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
काडेपेटी

---

शुक्रवार, १० नोव्हेंबर

चि. काडेपेटीस,
अनेक आशीर्वाद.

डस्टर फेकणारा हात आता डोळ्यात ठिपके ठेवतो, हे वाचून तुझे भाऊजी इतके हसले की चहा सांडला. कागदावरचा डाग तोच. छकुलीला तुझी उडणारी बाई हवी आहे. पाठवू नकोस.

मला हसू आलं नाही, म्हणून सांगते. एक प्रश्न विचारते, तोंड वेंगाडू नकोस. तिला माहीत आहे का? प्रेम तुझं आहे, ते तू कर, झुरून काटकुळा हो, माझी ना नाही. पण चेहरा तिचा आहे ना रे? तो तू तिला न विचारता साच्यात ओतलास आणि रस्त्याकडे तोंड करून मांडलास. आपल्या आईने तुझा लहानपणीचा टॉवेलातला फोटो मावशीला दाखवला, तर तू दोन दिवस जेवला नव्हतास.

आणि तो माणूस. ज्याला कपाट सजवायचं असतं तो वेगवेगळे पुतळे नेतो. हा तसं करत नाही. हा एकच चेहरा गोळा करतोय. मी रोज दवाखान्याच्या खिडकीवर बसून माणसांची नावं लिहून घेते. काही माणसं नुसतं आत कोण आहे विचारतात, तरी अंगावर काटा येतो. तुला जे वाटतं ना, त्याचं ऐक.

तिला सांग. बुटांकडे बघत सांगितलंस तरी चालेल, पण सांग.

रागापेक्षा माया जास्त आहे, हे लक्षात ठेवणारी,
तुझी ताई

---

मंगळवार, १४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी चुरगळलं, मग टेबलावर हाताने सरळ केलं. सुरकुत्या राहिल्यात. मला उत्तर लिहायचं होतं की कलाकाराला कुणाचाही चेहरा घ्यायचा हक्क असतो वगैरे. दीड पान लिहिलंही होतं. ते फाडलं, कारण काल तो आला.

या वेळी घ्यायला नाही. त्याने आधीची एक उल्का आणली होती, रुमालात गुंडाळून. मान सुटी करून द्या, म्हणाला, नुसतं डोकं खिशात राहील असं करा. गोंदकाकांना गिऱ्हाईक म्हणजे देव. त्यांनी बारीक करवतीने मान कापून कड घासूनही दिली. मी बघत उभा होतो. ताई, प्लास्टिकच आहे ते, मीच रोज डझनभर माना कापतो-जोडतो. पण माझा हात आपल्याच मानेवर गेला.

डोकं तळहातावर घेऊन त्याने मला विचारलं, हे कुणाचं तोंड? मी म्हटलं, कुणाचं नाही, मनातलं. तो हसला. अगदी सभ्य हसला. मनातल्या चेहऱ्याला तीळ नसतो, म्हणाला.

पुढचं ऐक. त्याच्या चष्म्याची काडी मोडली आहे, दोऱ्याने बांधलेली. काकांनी ते पाहिलं आणि शेजारधर्म म्हणून बोट दाखवलं, समोरच आहे की दुकान, पोरगी हुशार आहे, बसल्या जागी करून देईल. तो वळला आणि काचेतून पलीकडे बघत राहिला. सुदैवाने काल त्यांच्या मालकांच्या घरी कार्य होतं, शटर बंद. तो म्हणाला, परगावी जाऊन येतो, पुढच्या सोमवारी करून घेईन. डोकं कोटाच्या खिशात टाकलं, वरून थोपटलं आणि गेला.

तेव्हापासून माझी पाचावर धारण बसली आहे. आज दिवसभर एक डोळा धड रंगवता आला नाही.  कापायचं पातं मी एप्रनच्या खिशात ठेवलंय. सोमवारी त्याने त्या दुकानाची पायरी चढली तर मी त्याचा हात कामाचा ठेवणार नाही. तिला मात्र काय सांगू आणि कसं? सांगितलं की ती माझं तोंड पुन्हा बघणार नाही.

बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. मोबाइल मी बंदच ठेवलाय.

असशील तशी पाठीशी उभी राहा.

तुझा,
काडेपेटी

---

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

चि. काडेपेटीस,
आशीर्वाद.

तुझा फोन बंद, दुकानाचा नंबर मला माहीत नाही. भाऊजींच्या ओळखीचा ड्रायव्हर तुमच्याकडे येतोय, त्याच्या हाती हे देते. चार ओळी आहेत, चुरगळू नकोस.

पातं खिशातून काढ. तू हात उगारलास की पोलीस तुला नेतील, तो मोकळा फिरेल आणि ती एकटी राहील. ती तुझं तोंड बघणार नाही, याची तुला भीती वाटते. तो तिचं तोंड बघणार आहे, याची मला वाटते. यातली कुठली भीती मोठी, ते तूच ठरव.

सोमवारच्या आत तिला सांग. आजच सांग.

जीव टांगणीला लागलेली,
ताई

---

गुरुवार, २३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच. ती सुखरूप आहे, मी तुरुंगात नाही.

तुझी चिठ्ठी शनिवारी मिळाली. शनिवारी मी रस्ता ओलांडून तीनदा परत आलो. रविवारी दोघांची दुकानं बंद. सोमवारी शटर उघडल्या उघडल्या गेलो. पातं टेबलावर ठेवलं, खिशात एक उल्का घेतली आणि बुटांकडे बघत सगळं सांगून टाकलं. साचा, काच, करडा कोट, खिशातलं डोकं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त हात पुढे केला. मी उल्का दिली. तिने ती काउंटरवरच्या, गिऱ्हाइकं चष्मे घालून बघतात त्या आरशासमोर धरली, स्वतःही शेजारी वाकली, आणि म्हणाली, तीळ चुकलाय. माझा डाव्या गालावर आहे.

मी मान वर केली. ताई, पहिल्यांदा. डाव्या गालावर आहे. वर्षभर मी आरशात बघत होतो ना. म्हणजे तू माझ्याकडे एकदाही नीट बघितलं नाहीस, असं ती म्हणाली. त्यात लाडीगोडी काही नव्हती.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली, काचेत करडा कोट होता. तिने मला ढकलून आतल्या डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं आणि ती जड चाचणीची फ्रेम, भिंगांसकट, त्याने मला ओळखू नये म्हणून माझ्या नाकावर चढवली. मला म्हणाली, गिऱ्हाईक आहेस, हलू नकोस. भिंगांतून सगळं विरघळलेलं दिसत होतं. एक करडा डाग आला, काउंटरवर ओणवा झाला. चष्मा त्याने तिच्या हातात दिला असणार, कारण बिनचष्म्याचा तो अधिकाधिक जवळ वाकत गेला. मग त्याने खिशातून काहीतरी काढून तिच्या कानाशेजारी धरलं. मला दिसत नव्हतं, पण काय होतं ते मला ठाऊक होतं. खुर्चीचे हात मी असे धरले होते की एकाचं रेक्झीन फाटलं. उठावंसं वाटत होतं, आणि खरं सांगतो, नुसत्या रागाने नाही. घाबरून पळून जावंसंही वाटत होतं.

तो हळू आवाजात बोलला. डोळे तेच, भुवई तीच, तीळ मात्र या बाजूला नाही. मग विचारलं, तुम्हाला बहीण आहे का? ती म्हणाली, नाही, आणि स्क्रू फिरवत राहिली. उद्या या असं म्हणाली नाही. काडी तिथेच बसवून दिली, परत यायला निमित्त नको म्हणून. त्याने चष्मा घातला, पुन्हा एकदा तिच्याकडे पाहिलं आणि माफ करा, मी दुसऱ्या कुणाला शोधतोय, असं म्हणून गेला. घंटी वाजली. ती आत आली आणि स्टुलावर बसली. मग उठून तिने दाराला आतून कडी घातली.

तिचे मालक आणि ती चौकीवर जाऊन आले. त्याने केलं काय, असं पोलिसांनी विचारलं म्हणे. पुतळे विकत घेतले आणि चष्मा दुरुस्त करून घेतला. नोंद तेवढी करून घेतली. मी साचा कापून त्याचे तुकडे केले आणि मगच काकांना खरं सांगितलं.  संध्याकाळी त्यांनी स्वतः उठून काचेतली उघडी डोकी काढली आणि मुखवट्याची बसवली. त्या माणसाच्या घरी गेलेल्या उल्कांचं मात्र काय करू? त्या तिथेच आहेत, ओळीने उभ्या.

मी आरसा काढून टाकला आणि टेबल रस्त्याकडे फिरवलं. आता मी दिवसभर करड्या कोटाची वाट बघतो. परवा कुठल्यातरी बाईच्या उजव्या गालावर तीळ दिसला, तर तिच्यामागे धावत जाऊन सावध करावंसं वाटलं.

काल ती दुकान उघडत होती. डाव्या गालावर छोटी चिकटपट्टी. लागलं का, असं मी रस्त्यापलीकडून विचारलं, तिच्याकडे बघून. ती या बाजूला आली. तुझी चूक मला वाचवून गेली, हे खरं, म्हणाली. पण एखाद्या सकाळी दाढी करताना तो ते डोकं आरशासमोर ठेवेल. मग कळेल त्याला, तीळ कुठल्या बाजूचा ते.

एवढं बोलून ती तिळावरची पट्टी बोटाने दाबत परत गेली. ती पट्टी ती रोज लावणार आहे.

छकुलीला उडणाऱ्या बाईचं काही सांगू नकोस. लोभ कमी झाला असेल, तर तसंही लिही.

तुझा,
काडेपेटी