गप्प बसलेल्यांची मतं

३ जून १७७६. मेपल फोर्ड, पेनसिल्व्हेनिया.
गावाचं मत वळवायला खरा खर्च: अर्धं पिंप सफरचंदाचं सायडर, डुकराची एक मांडी आणि केझायाचा अबोला. बायकोचा अबोला फुकटच, म्हणून धरला नाही. इंग्लंडच्या राजापासून फुटायचं की नाही, यावर गावात तीन तट. फुटायच्या बाजूने माणसं जमवणाऱ्या कमिटीच्या कॅप्टन व्हॉसला सांगून टाकलं, साहेब, गाव माझ्या शब्दाबाहेर नाही. खानावळ माझी, उतारूंची नाव माझी. माझ्या परवानगीशिवाय ही नदी कुत्रंही ओलांडत नाही.

५ जून
सुतार क्लाइन विचारतो, राजा गेला की कर थांबेल? म्हटलं, नाही, पण आपलीच माणसं घेतील. म्हणाला, बैलाला काय, आसूड लंडनचा असला काय नि गावचा असला काय! सायडर मात्र तीन पेले प्याला. 'हो' धरला.

९ जून, रविवार
नदीपलीकडे, क्वेकरांच्या प्रार्थनाघरात. गप्प बसून प्रार्थना करणारा, बंदुकीला हात न लावणारा हा पंथ, केझायाच्या माहेरचा. तिथले वडीलधारे म्हणजे माझे सासरे, जोनास विकरशॅम. उभं राहून विचारलं, वेगळं व्हायला कुणाची हरकत? तासभर हूं की चूं नाही. शेवटी सासऱ्यांनी हात मिळवला. सौदा पक्का!
घरी सांगितलं. केझाया म्हणाली, अरे, आमच्यात हात मिळवला की मीटिंग संपली. एवढंच. (ही माणसं नवऱ्याला 'तू' म्हणतात, राजालाही.) हिला राजकारण कळत नाही.

१२ जून
कॅप्टनला लिहून दिलं: सगळे राजी. कमिटीत जागा नक्की. नवा कोट शिवायला टाकला.

२० जून
कॅप्टनची माणसं पलीकडे गेली. राजी असाल तर बंदुकीला माणूस द्या, नाहीतर घोडे. सासरे म्हणाले, मी तर तोंडच उघडलं नव्हतं. कॅप्टन म्हणाला, जावयाने लिहून दिलंय. सासरे म्हणाले, अरे व्हॉस, मग जावयालाच घेऊन जा ना.
सासऱ्यांचे दोन्ही घोडे आणले. माझ्याच नावेतून. भाडं घेतलं नाही.

२१ जून
केझाया चुलीपाशी. जेवण झालं नाही. समजावलं: घोडे दोन, देश एक. गवत पुन्हा उगवतं, घोडेही मिळतील. ती काही बोलली नाही. मग मीही बोललो नाही. बराच वेळ तसेच बसलो. दिवे लागले तशी ती उठली, माझा हात हातात घेतला, सोडला.
चला, मिटलं.

२२ जून
कोट आला. खांद्यात बरा बसतो. चूल गार. काठावर दोन गिऱ्हाइकं खोळंबली आहेत, हाका मारतायत.
नाव पलीकडच्या काठाला बांधलेली आहे.