काट्यावरची बाळंतीण

९ जानेवारी २०२५, गुरुवार

शेडमध्ये कुत्री व्याली! क्रेटांच्या मागे, वजनकाट्याला लागून, रिकाम्या गोणपाटावर. सहा पिल्लं. सकाळी तोडलेला गुलाब ठेवायला गेलो तर आधी उंदीरच वाटले.

ही डायरी खताच्या दुकानदाराने फुकट दिलेली. यात मी फवारणी लिहितो, कुत्री नाही. पण आज फवारणी झालीच नाही. पंप त्याच कोपऱ्यात, आणि ती पंपापर्यंत जाऊ देईना. गुरगुरली नाही, दात दाखवले नाहीत. नुसती बघत राहिली. आणि मी मागे फिरलो — बासष्ट वर्षांचा माणूस, स्वतःच्या शेडमधून! कुत्र्यांशी माझं कधी जमलंच नाही.

पण अवस्था बघवत नाही. लांबून नऊ बरगड्या मोजल्या. कमरेची दोन्ही हाडं वर आलेली. आणि तशात सहा तोंडं चिकटलेली! हिच्यात दूध येतं कुठून?

आमची कारभारीण सगुणा म्हणाली, "घरात एक बाळंतीण, शेडात दुसरी. लय भाग्याचे तुम्ही!" आमच्या निकिताला मुलगी होऊन आज चौदा दिवस. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आणलीय. जावई मनमाडला, रेल्वेत. रविवारी येऊन जातात.

१० जानेवारी

भाकरी दुधात कुस्करून घमेलंभर ठेवली. दोन मिनिटांत घमेलं चकचकीत. मी खूश. पाच मिनिटांत सगळं ओकली. आणि मग — तेच परत खाल्लं. मी तोंड फिरवलं.

१२ जानेवारी

पेठ रोडवरून प्राण्यांच्या डॉक्टर येऊन गेल्या. डॉक्टर मंजुषा. वयाने निकिताएवढ्या असतील, पण मला शाळेतल्या पोरासारखं झापलं. "काका, एवढ्या उपाशी शरीराला एकदम पोटभर झेपत नाही. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. पिल्लांचं तयार खाद्य मिळतं ना, ते आईलाच द्या, त्यात ताकद जास्त. अंडं उकडून, चिकन-भात, तिखट-मीठ न घालता. पाणी कायम समोर." जंताचं औषध दिलं.

मग म्हणाल्या, "हिचं वजन पंधरा किलो तरी हवं. एक दिवसाआड मोजा आणि लिहून ठेवा. महिन्याभरात चढलं नाही तर ही पाजता पाजताच जाईल. पिल्लांचं दूध ती कमी करणार नाही, काका. स्वतःला गाळून देईल."

हे शेवटचं दिवसभर कानात आहे.

कुत्री काट्यावर उभी राहीना. शेवटी उचलून घेतली आणि मीच चढलो. दोघं मिळून ७८ किलो ९००. मी एकटा ६८. म्हणजे ती १० किलो ९००. टोमॅटोचं अर्धं क्रेट! सगुणा दारात उभी राहून बघत होती. "लग्नाला एकतीस वर्षं झाली, मला नाय कधी असं उचललं." म्हटलं, "तुला उचललं तर काटा नवीन घ्यावा लागेल." घमेलं घेऊन आत निघून गेली.

काट्यामागच्या भिंतीवर गेरूने लिहिलेले आकडे अजून आहेत. दर दसऱ्याला काट्याची पूजा झाली की निकिताला वर उभी करायचो आणि वजन भिंतीवर लिहायचो. १४, १६ ५००, १९… सगळ्यात वरचा आकडा लग्नाआधीच्या दसऱ्याचा. ५२. त्याच्या बरोबर खाली आता ही पसरलीय.

१४ जानेवारी

संक्रांत. कुत्रीला नाव मिळालं. रंगावरून निकिता म्हणाली, "भुरी." म्हटलं, अगं, भुरी म्हणजे गुलाबावरचा रोग, वर्षभर मी तिच्यावर औषध मारतो! ती किंचित हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच हसताना पाहिली बहुतेक. तर राहू दे, भुरी.

११ किलो १००.

१६ जानेवारी

११ किलो ५००. आज माझ्या हातून अंडं घेतलं. ओठाने! दात लागू दिला नाही. हात बराच वेळ तसाच धरून बसलो.

१८ जानेवारी

पाजताना बघत होतो. बघू नये असं वाटतं, पण पाय निघत नाही. एक पिल्लू सगळ्यांत बारकं, बाकीची त्याला ढकलून देतात. भुरी डोळे मिटून पडलेली. मला वाटलं झोपली. तर न बघता पुढचा पाय लांब केला आणि त्या बारक्याला ओढून पोटाशी घेतलं. न बघता! सहा जणांत कोण उपाशी आहे हे तिला डोळे मिटून कळतं. मी तीस वर्षं गुलाब करतोय, मला अजून कोणत्या झाडाला पाणी कमी पडलं ते पान कोमेजल्याशिवाय कळत नाही.

२० जानेवारी

१२ किलो १००.

२३ जानेवारी

पिल्लांनी डोळे उघडले! निकिताच्या खोलीची खिडकी शेडकडे उघडते. सव्वा महिना झाल्याशिवाय उंबऱ्याबाहेर यायचं नाही, हा सगुणाचा कायदा. म्हणून मीच एक पिल्लू नेऊन खिडकीतून दाखवलं. तिने आतून बाळ वर धरलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं — म्हणजे दोघांनाही काही दिसलं नसणार. पण मला मजा वाटली.

२५ जानेवारी

१२ किलो ७००. भुरी आता दुपारी त्या खिडकीखाली जाऊन बसते. ऊन असतं तिथे.

सगुणा भाजी निवडताना म्हणाली, "कुत्रीचं सगळं लिहिता. पोरीचं कोन बघनार? गप गप असती. विचारलं का म्हनती, काय नाय."

म्हटलं, "तू आहेस की. मी काय विचारू तिला?"

"लाडू तरी खाती बाई. रोजचे दोन. डबा बघते मी, रिकामा असतो."

मग झालं तर.

२८ जानेवारी

भुरी जाते की राहते, माहीत नाही.

पहाटे तोडणीला उठलो तर शेडच्या दारातच पडलेली. चार ठिकाणी ओकलेली. वास मेथीचा! काठीने सारून पाहिलं — डिंक, खारकेचे तुकडे आणि फुगून मोठे झालेले बेदाणे. बाळंतिणीचे लाडू!

डॉक्टर मंजुषा अर्ध्या तासात आल्या. बेदाणे बघून त्यांचा चेहराच उतरला. "काका, द्राक्ष, बेदाणे कुत्र्याला विष आहेत. मूत्रपिंडावर जातं. किती खाल्ले? कांदा तर नाही ना देत? तोही चालत नाही." द्राक्ष आणि कांदा! आमच्या नाशकात दुसरं पिकतं काय? ह्या मातीत जन्मलेल्या कुत्रीला ह्याच मातीतलं विष! मला खरंच माहीत नव्हतं. पुढच्या महिन्यात बाग तोडणीला आली की घरचीच द्राक्षं घातली असती मी तिला, कौतुकाने.

सलाईन लावलं. दोन दिवस पिल्लं बाजूला ठेवायची, बाटलीने पाजायची. लघवी होते का बघायचं. नाही झाली तर काही खरं नाही.

घरात येऊन ओरडलो, लाडू कुणी घातले? सगुणा म्हणाली, "मी कशाला घालीन? पोरीसाठी केलेत." तेवढ्यात खोलीच्या दारातून निकिता — "बाबा, मी. खिडकीतून."

"किती?"

"सोळा असतील. साठले होते. आई डबा बघते म्हणून बॅगेत ठेवत होते. काल सगळे दिले. तिला भूक होती, बाबा."

तसाच डॉक्टरांना फोन लावला. सोळा लाडू म्हणून सांगितलं. एका लाडवात बेदाणे किती, त्यांनी विचारलं. सगुणा ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "मूठभर जास्तच घातले होते. मेथीनं कडू लागत्यात, पोर खायची नाय म्हनून."

निकिताला म्हटलं, "अगं, माया असावी, पण विचारायचं तरी!" ती आत गेली.

२९ जानेवारी

आज जे पाहिलं ते लिहितोय, कारण सांगितलं तर कुणाला पटणार नाही.

भुरी गोणपाटावर आडवी. पायात सलाईनची सुई. कालपासून मान उचललेली नाही. पिल्लं शेडच्या दुसऱ्या टोकाला क्रेटमध्ये, वर पोतं. दुपारी त्यातलं बारकं किंचाळायला लागलं. भुरीने डोळे उघडले नाहीत. कानसुद्धा हलला नाही. पण तिच्या सडांतून दूध यायला लागलं! कुणी ओढत नाही, कुणी जवळ नाही. नुसत्या आवाजावर, आपोआप, थेंब थेंब गोणपाटावर. मरायला टेकलेलं जनावर! आत सगळं बंद पडत असताना ते तेवढं चालूच होतं. मी डोक्यावरची टोपी काढली. का काढली ते माहीत नाही.

मागे निकिता उभी होती. कानाला रुमाल, अंगावर शाल. सव्वा महिना व्हायला अजून तीन-चार दिवस. सगुणा दारातून बघत होती, पण तिने अडवलं नाही.

निकिता भुरीशेजारी खाली बसली. सलाईनची बाटली खिळ्यावरून सारखी घसरत होती, ती तिने हातात वर धरली. हात वर केला तशा बांगड्या खळकन कोपरापर्यंत घसरल्या. लग्नात ह्याच बांगड्या कासाराने साबण लावून चढवल्या होत्या.

मग म्हणाली, "बाबा, हिला कुणी शिकवलं असेल?"

"काय?"

"हेच. असं करायचं असतं ते."

आत बाळ रडायला लागलं तशी ती चटकन उठली आणि शाल छातीशी आवळून घरात गेली. मी दुसरीकडे पाहिलं.

३० जानेवारी

लघवी झाली!!

१ फेब्रुवारी

रक्ताचा रिपोर्ट आला. मूत्रपिंड वाचलं. डॉक्टर मंजुषा म्हणाल्या, "वेळेवर ओकली म्हणून. नाहीतर काही खरं नव्हतं." पिल्लं परत तिच्याकडे दिली. सहाच्या सहा तुटून पडली. तिने एकेकाला हुंगून मोजून घेतलं आणि मगच आडवी झाली.

११ किलो ४००. पंधरा दिवस मागे गेलो. जाऊ दे.

४ फेब्रुवारी

११ किलो ९००. लाडवांचा डबा सगुणाने माळ्यावर टाकला. आता निकिताला काय करून घालू म्हणून मलाच विचारते! मला फक्त भुरीचं माहीत.

८ फेब्रुवारी

१२ किलो ९००. आज ती आपण होऊन काट्यावर चढली! मी क्रेट खाली घेतलं आणि ही वर. आकडा थांबेपर्यंत हलली नाही. मी हसलो तर शेपूट हलवली आणि आकडा बिघडला.

१० फेब्रुवारी

व्हॅलेंटाइनच्या तोडणीने कंबर मोडली. फुलांतून मान वर करायला फुरसत नाही.

निकिता आता दिवसभर शेडमध्येच असते, बाळ मांडीवर घेऊन, भुरीच्या शेजारी. मी कळ्या बांधत होतो.

"बाबा, रोज तिचं लिहिता?"

"एक दिवसाआड."

"मी झाले तेव्हा लिहिलं होतंत?"

"तेव्हा कुठली डायरी! तुझं भिंतीवर लिहायचो."

ती मान वळवून भिंतीकडे बघत राहिली. "बावन्नवर थांबलंय."

"लग्न झाल्यावर कोण काट्यावर उभं राहतं!" म्हणालो आणि हसलो. ती हसली नाही. मी गड्डी बांधायला घेतली.

१३ फेब्रुवारी

१३ किलो ९००. बरगड्या मोजायला गेलो, पाचच सापडल्या. बाकीच्या बुजल्या! हात फिरवला तर खाली हाडाऐवजी मऊ लागलं. एवढं मोठं काम ह्या देहाने केलं आणि मी फक्त ताटली भरली. पाठीवरचे केस चमकायला लागलेत. सगुणाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "हां, भरली खरी." आणि मग शेडच्या दुसऱ्या टोकाला, निकिताकडे बघत उभी राहिली. मी माल भरायला गेलो.

१५ फेब्रुवारी

१४ किलो ४००. पंधराला सहाशे ग्रॅम कमी! बारकं पिल्लू आता इतरांना ढकलतं. आज एवढंच, झोप येते. गाडी फुलमार्केटला रवाना केली, डायरी शेडमध्येच ठेवतो.

१७ फेब्रुवारी

आजचं मी लिहिलेलं नाही. सकाळी उघडली तर तारीख आधीच टाकलेली. अक्षर निकिताचं —

भुरी १४ किलो ८००.
निकिता ४१ किलो ३००.
बाबा, माझंही लिहीत जा.