कावळा आणि पुढचा ट्रेनर

प्रिय दादा,

उद्या संध्याकाळी तुझ्या फुटबॉल संघाचा तुझ्या जागी नवा ट्रेनर ठरणार आहे, आणि तुझी ईरा आज सकाळी मला फोनवर म्हणाली की ती आपलं नाव मागे घेते आहे. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाबाला चालणार नाहीये." आता गेलेल्या माणसाला काय चालतं ते आपण कसं ठरवायचं? तू होतास तेव्हाही ते कुणाला कळत नव्हतं. म्हणून हे पत्र. उत्तराची अपेक्षा नाही. ती आधीही फार ठेवत नसे मी.

तू गेल्याचा निरोप आल्यावर मी हॅनोव्हरहून निघाले आणि हायडेलबर्गला तुझ्या घरी पोचले, तेव्हा कारीनवहिनी आणि ईरा स्वयंपाकघरात गप्प बसल्या होत्या. बाहेर मात्र अख्खं गाव बोलत होतं. तुझा संघ विद्यापीठातल्या पोरांचा, प्रेक्षक म्हणजे कुंपणाला टेकून उभी राहणारी चाळीसएक माणसं, पण चर्चा अशी की जणू राज्याभिषेक ठरायचाय! तुझा तो हेल्मुट, घडीची खुर्ची घेऊन येणारा म्हातारा, त्या चर्चेचा मुख्य आचार्य. मैदानाबाहेर दोन शनिवार बॉबलिंगेन गावच्या नंबराची गाडी उभी दिसली, म्हणून बॉबलिंगेनचा कुणी माजी व्यावसायिक खेळाडू येणार, हे त्याने जाहीर करून टाकलं. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी असणार, हे अनुमान आपल्या बाबांनी मला आठवीत शिकवलं होतं. तू तेव्हा चेंडू घेऊन मागच्या दाराने पळाला होतास. तुझ्या चाहत्यांचं अनुमान त्याच्या पुढचं निघालं. ती गाडी समोरच्या इमारतीतल्या बाईंच्या जावयाची होती.

दुसरा पक्ष तुमच्या जुन्या गोलकीपरचा, टोबियासचा. बॉबलिंगेन की टोबियास, यावर तुझ्या अंत्यविधीनंतर इथल्या रीतीचा केक खाताना दोन टेबलं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. मी तिथे कॉफी ओतत होते. एवढ्या बोलण्यात ईराचं नाव एकदाही आलं नाही, दादा. त्यांच्या लेखी ती सरावाचे शंकू मांडणारी तुझी मुलगी. तुझा गुडघा धरला होता तेव्हा अख्खा हिवाळा सराव तिनेच घेतला, हे ते विसरले. की तू त्यांना कधी सांगितलंच नव्हतंस?

दहाव्याचं मैदानावर करायचं, हे वहिनीच्या मनातलं. तुझा अस्थिकलश इथल्या कायद्याप्रमाणे कब्रस्तानातच गेला, नदी वगैरे काही नाही. मग कारीनवहिनी म्हणाली, तो सगळा वेळ जिथे होता तिथे भात ठेवू या. फेराइनच्या, म्हणजे क्लबच्या, समितीची परवानगी तिनेच काढली. एशियन दुकानातून केळीचं पान मिळालं, दर्भ माझ्या देवाच्या डब्यात होते, गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर. पिंड ईराने ठेवले, राखीव खेळाडूंच्या बाकामागे. मंत्र अर्धे मी म्हटले, कारण गुरुजींचा आवाज मध्येच अडकायचा. संस्कृत शिकून यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करणाऱ्या बाईच्या विद्येचा शेवटी हा उपयोग झाला.

कावळे होते. पलीकडच्या झाडांवर पुष्कळ होते. एकही येईना.

गुरुजी फोनमधून म्हणाले, "ताई, काहीतरी इच्छा राहिली असेल. विचारा." वहिनीने सांगितलं, घर विकणार नाही. तुझी टोमॅटोची रोपं मी मागून घेतली, हॅनोव्हरच्या बाल्कनीत ती जगणार नाहीत हे ठाऊक असून. कावळे जागचे हलले नाहीत. तोवर कुंपणापाशी तुझी मंडळी जमली होती. हेल्मुटने विचारलं, हे काय चाललंय? मी सांगितलं, गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलंय याचा अंदाज घेतोय. बरोबर आला की कावळा शिवतो. तो जरा विचारात पडला. म्हणाला, "आल्झो, म्हणजे आम्हीही तेच करतोय की."

आणि टोपी काढून, झाडांकडे बघून, त्याने अत्यंत आदराने विचारलं, "टोबियास?"

हसू नकोस. मलाही आधी हसूच आलं होतं. मग दुसऱ्याने बॉबलिंगेन म्हणून पाहिलं. तिसऱ्याने आणखी कुणाचं तरी नाव घेतलं. कुणी थट्टा करत नव्हतं, हे त्यातलं वाईट. तुला विचारण्याची हीच पद्धत असेल तर तिला मान द्यावा, असं त्या भल्या माणसांना मनापासून वाटलं. ईरा पिंडाजवळ उभी राहून एकेक नाव ऐकत होती. तिच्या तोंडाकडे माझ्याने बघवेना.

मग ती खाली बसली. जन्मभर आपण मराठीत बोलायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, ही तुमच्या घरची रीत. त्या दिवशी ती मराठीत बोलली, हळू, शब्द जुळवत.

"बाबा, मला ट्रेनर व्हायचंय. तुला चालेल ना?"

दादा, त्या क्षणी एखादा कावळा उतरला असता तर तुझं काय गेलं असतं? झाडावरून एक उठलासुद्धा. मैदानाच्या रेषेपर्यंत आला, वळला आणि परत गेला. थंडीत भात टणक झाला. शेवटी गुरुजींच्या सांगण्यावरून मी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो. शास्त्रात तशी सोय आहे. शास्त्र लिहिणाऱ्यांना कावळ्यांचा अनुभव असणार.

मला वाटलं, संपलं. दिवसभर प्रयोगशाळेत मोजमापं करणारी मुलगी ती. ती कावळ्याचं मनावर घेईल, हे मला सुचायला हवं होतं का? आपण इथे वाढलेल्या पोरांना सण शिकवतो, विधी शिकवतो, आणि यातलं किती खरं मानायचं ते सांगायचं राहून जातं. तुझ्यामाझ्यासारखे अर्धं मानतात, अर्धं सोडून देतात. तिने अख्खं मानलं.

आज सकाळी तिचा फोन झाल्यावर मला काही सुचेना, म्हणून हेल्मुटला फोन केला. निदान यांनी तरी त्या दिवसाचा अर्थ काय लावला ते कळावं म्हणून. तर तो म्हणाला, तुमचे पक्षी येणार कसे? दर वसंतात मैदानावर गवताचं बी टाकलं की तुमचा भाऊ शिट्टी घेऊन कावळ्यांच्या मागे धावायचा. इतकी वर्षं. आता त्या बाकाजवळ एक फिरकत नाही.

वा, दादा! ज्यांना आयुष्यभर हाकललंस, त्यांच्याच हाती तुझा निरोप द्यायला निघालो होतो आम्ही.

लगेच ईराला सांगितलं. तिने मला ते शिट्टीचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे तो नाही म्हणालाच नाही."

"हो म्हणाला असंही नाही," मी म्हटलं.

"गेनाऊ. अगदी नेहमीसारखंच."

मग मला राहवलं नाही. त्या हिवाळ्यात तू मला फोनवर म्हणाला होतास, पोरीला खेळ माझ्यापेक्षा जास्त कळतो. ते तिला सांगितलं. वाटलं, आनंद होईल. तिने आधी जर्मनमध्ये विचारलं, मग मला कळलं नसेल असं समजून पुन्हा मराठीत, "तुला का सांगितलं, आत्या? मला का नाही?"

याचं उत्तर तुझ्याकडे आहे? कौतुक तोंडावर करू नये, दृष्ट लागते, असं आपल्याकडे म्हणायचे. तू तेवढं एकच पाळलंस की काय? सोवळ्यातलं बाकी सगळं टाकलंस आणि नेमकं हे जपलंस.

शेवटी ती म्हणाली की नाव राहू दे. तुझ्यासाठी नाही, तिला तो संघ हवाय म्हणून. उद्या काय होईल ते सांगता येत नाही. हेल्मुट म्हणतो, पारडं टोबियासचं जड आहे. अर्थात तो हेल्मुट आहे.

मी तुला एवढं कबूल करते: ती निवडली गेली तर ते तुझ्या आशीर्वादाने झालं असं कुणाला म्हणू देणार नाही. नाही निवडली गेली, तर तुझीच इच्छा नव्हती असंही म्हणू देणार नाही. वर्षश्राद्धाला पुन्हा भात घेऊन त्याच बाकामागे येईन. आणि उद्या ट्रेनर कुणीही होवो, वसंतात बी टाकल्यावर शिट्टी वाजवायची नाही, हे मी हेल्मुटकडून आत्ताच कबूल करून घेतलंय. थोडं गवत जाईल, जाऊ दे. कावळ्यांना तोवर जवळ यायची सवय लागली, तर बरं. तुला कधी तिच्याशी बोलावंसं वाटलंच तर वाट मोकळी असावी.

तुझी धाकटी,
सुमन