होबार्टची काडतुसं

हिकरी ओढा, केंटकी
१४ ऑक्टोबर १९६६

लाडक्या डेल्सी,

आजीकडून आधी एक गालगुच्चा घे. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे सकाळी उठतो, चूल पेटवतो आणि एकमेकांवर खेकसतो. मी सांगतेय आणि पाद्रीबाई व्हर्ना लिहून घेतेय. माझ्या तोंडून शिवी निघाली की ती खोकते, तेव्हा मध्येच वाक्य तुटलं तर समजून घे. फोन केला असता, पण आमच्या तारेवर अर्धं खोरं कान लावून बसलेलं असतं.

शेंगा दोऱ्यात ओवून ओसरीत वाळत टाकल्यात. डुक्कर माजलंय. नेमबाजीत तू पुरुषांना हरवतेस हे आजोबा दुकानात सगळ्यांना सांगतात. सांगून झालं की पुन्हा सांगतात.

गेल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर मीही एल्झीच्या दुकानात गेले, पिस्तुलाची दारू आणायला. तुला ठाऊकच आहे, काडतुसं ते घरीच भरतात आणि जन्मभर त्यांनी एकच दारू वापरली. बारीक, जळजळीत, काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत चिमूटभर घातली की काम झालं. मी एल्झीला म्हटलं, "ती नको. फुगीर दाण्याची दे, पुंगळी भरत आणणारी."

शेगडीभोवतीचे बाप्ये हसले. एक म्हणाला, "ऑर्फाकाकू, आता तुम्ही काडतुसं भरणार की काय?"

"भरेन की. पहिलं तुझ्या नावाचं."

आजोबा चिडले. "ऑर्फा, ती ढिगाने लागते. डबा बघता बघता रिकामा होतो. तुला त्यातलं काय कळतं?"

"डब्याचा रंग आवडला मला." चारचौघांत मी दुसरं काय बोलणार होते?

एल्झीने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यांचा नेहमीचा डबा त्याच्या मागच्या फळीवर मला दिसत होता. "तुमची या खेपेला आलीच नाही, होबार्टदादा," तो म्हणाला. दारू घालायचं माप मी पिशवीतून नेलंच होतं. नव्या दारूसाठी ते त्यानेच बसवून दिलं. देवाने त्याला सुखात ठेवावं, खोटारड्याला.

घरात उरलेली जुनी दारू मी कांद्याच्या वाफ्यात पसरली. यांना सांगितलं, संपली.

पोरी, रंगाचं काही खरं नव्हतं. यांचं काम चालू असताना मी समोर शेंगा निवडत बसते. दुकानात जायच्या आधी एका दुपारी फळीवर पुंगळ्या मांडून ते ओळीने दारू घालत होते. कुत्रं भुंकलं म्हणून उठून दारात गेले, परत आले आणि भरलेलीच ओळ पुन्हा भरली. मग नेहमीसारखा दिवा धरून एकेका पुंगळीत डोकावले आणि म्हणाले, "झकास." ती बारीक दारू दुप्पट पडली तरी तळाशीच बसते, नीट निरखावं लागतं. त्यांनी निरखलं, डेल्सी. त्यांना दिसलं नाही.

मी शेंगांची परात त्या फळीवर उपडी केली. धांदरट म्हणून दिवसभर बोलणी खाल्ली.

फुगीर दारू दुसऱ्यांदा घातली तर काठावरून सांडते. न बघताही कळतं. एवढंच मला हवं होतं.

काल सांडली.

ते बघत राहिले. "ऑर्फा, ही उतू का जातेय?"

"माप बिघडलं असेल."

"माप ठीक आहे. मीच दोनदा घातली." त्यांनी माप खाली ठेवलं. "म्हणून ही आणलीस?"

"रंग छान होता रे."

हसले नाहीत. "पोरीला उन्हाळ्यात दिलेलं काडतुसांचं खोकं जुन्या दारूचं आहे," म्हणाले. "तिला कळव. माझ्याच्याने लिहवणार नाही."

तर पत्र एवढ्यासाठी. महिनाअखेरच्या स्पर्धेसाठी जपून ठेवलेल्या त्या खोक्यातलं एकही काडतूस उडवू नकोस. एकही नाही. चांगली किती आणि दुप्पट भरलेली किती हे त्यांनाही सांगता येत नाही, आणि तसलं एक जरी निघालं तर पिस्तूल तुझ्या हातात फुटेल. स्पर्धेला दुकानातली घे, हरलीस तरी चालेल. मग इकडे ये. ते म्हणतात, आता काडतुसं भरायला बाकावर तू बसायचं, ते शेजारी बसून चुका काढतील. चुका काढणं त्यांना अजून छान जमतं.

मी थकले गं. नांगरामागे चालून कधी एवढी थकले नव्हते, जेवढी स्वतःच्या नवऱ्यावर चोरून नजर ठेवून थकले.

लिहिलेलं सगळं व्हर्नाने आत्ता त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, एखादा शब्द तरी खोडायला लावतील. नाही लावला. सही कर म्हटलं, तर लेखणी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "माझीही तूच कर."

मला फुलीच काढता येते, म्हणून खाली दोन फुल्या आहेत. दुसरी काढताना त्यांनी माझा हात धरला होता.

तुझे,
×  ×