शिवलेली पानं

कल्पेट्टा, रविवार

अम्मे, तुला आणि अच्छनना, माझ्या आईबाबांना, नमस्कार.

मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. पण आज वाचनालयात हादरलेच! मुलांच्या गोष्टीच्या तासाला हत्तीचं पुस्तक उघडलं, तर शेवटची दोन पानं सुईदोऱ्याने एकमेकांना शिवलेली. मी ओरडले, "कुणाचे हे उद्योग?"

आठ वर्षांची नीहारा शांतपणे म्हणाली, "माझे, टीचर. तिथे हत्ती मरतो. धाकट्या भावाला वाचून दाखवताना मी त्या पानांआधीच म्हणते, संपली गोष्ट."

रागवायचं राहिलंच, तुझी पत्रं आठवली. अम्मे, 'अच्छन बरे आहेत' असं तू दर पत्रात लिहितेस. मग पत्राखाली त्यांच्या हातची जी एक ओळ असायची, ती चार महिने का नाही? तू कुठलं पान शिवलं नाहीस ना?

उलट टपाली लिही.

तुझी सुजया