बाबांचं बघायचं राहिलेलं ग्रहण

रविवार, संध्याकाळ. आर. के. पुरम.

आज लॅपटॉप घेऊन बाबांकडे गेलेच. मी जिच्यावर काम करते ती दुर्बीण अवकाशात आहे. तिच्यातली छोटी चकती सूर्याला झाकते, म्हणून एरवी फक्त खग्रास ग्रहणात दिसणारं त्याच्याभोवतीचं प्रभामंडळ कायम दिसतं. काचबिंदूने बाबांची नजर पुरती जाण्याआधी त्यांना ते दाखवायचं होतं.

मी सात वर्षांची असताना ते मला खग्रास ग्रहण बघायला राजस्थानात घेऊन गेले होते. रजेसाठी किती धडपडले होते! सकाळीच अंधार पडला आणि मी किंचाळून त्यांच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसलं. ते मला कुशीत घेऊन खाली बसले. मान वर केली तोवर ऊन परतलं होतं. तो स्वेटर... लोकरीचा तो वास अजून आठवतो.

"बाबा, तेव्हा माझ्यामुळे तुमचं बघायचं राहिलं."

ते स्क्रीनला नाक लावून बराच वेळ बघत होते. "अच्छा, असं असतं होय!" मग माझ्याकडे वळले. "तू किती थरथरत होतीस गं. उगीच नेलं तुला, असं अजून वाटतं."

म्हणजे इतकी वर्षं त्यांनाही रुखरुख होतीच. पण ती ग्रहणाची नव्हती.